डोकं दुखतंय? आधी कॅलेंडरवर खूण करा

नायगावपासून विरारपर्यंत स्टेशनजवळच्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी गाड्या येण्याच्या वेळी थोडं थांबून बघा. लोकलमधून उतरलेली माणसं घरी जाता जाता काउंटरशी येतात. हातात डॉक्टरची चिठ्ठी नसते. ‘डोक्याच्या दोन गोळ्या द्या’ एवढंच सांगतात. दुकानदार पाकिटाच्या कडेने कात्री फिरवतो, दोन गोळ्या कापून देतो, आणि त्या कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धंच उरलेलं असतं. आपण काय गिळलं हे घेणाऱ्याला धड माहीत नसतं. महिन्यातून एक-दोनदा असं झालं तर काळजीचं कारण नाही. पण तोच माणूस त्याच काउंटरवर आठवड्यातून तीन-तीनदा दिसू लागला, तर ती गोळीच आता दुखण्याचं एक कारण झालेली असू शकते. म्हणून वारंवार डोकं दुखणाऱ्याने कारणं शोधत बसण्याआधी मोजायला लागावं. महिन्यात किती दिवस दुखलं आणि किती दिवस गोळी घेतली, हे दोन आकडे हातात असले तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

मोजण्यासाठी मोबाइलवर अॅप घ्यायची गरज नाही. घराघरांत भिंतीवर कालनिर्णय असतं, दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख आपण त्यावर लिहितोच. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेला फुली मारा. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करा आणि गोळीचं नाव लिहा. बायकांनी पाळीचा पहिला दिवस वेगळ्या खुणेने दाखवावा. उलटी झाली, जेवण चुकलं, जागरण झालं, तर एका शब्दात नोंद पुरे. दोन महिने एवढं नेटाने केलं की महिन्याच्या पानावर एक आकृती दिसायला लागते, आणि ती बरंच काही सांगते.

वारंवार होणाऱ्या डोकेदुखीत दोन प्रकार सर्वांत जास्त आढळतात. एक ताणाची डोकेदुखी. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, मान आणि खांदे भरून येतात, पण माणूस काम करू शकतो, जेवू शकतो, जिना चढला म्हणून दुखणं वाढत नाही. दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. त्यात ठणका लागतो, बहुतेकदा एका बाजूला, पण दोन्ही बाजूंनाही लागू शकतो. मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, हालचाल केली की ठणका वाढतो आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. औषध न घेतल्यास हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हे टिकतं आणि मग डोकं चढतं. अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचं प्रमाण चौघांत एक इतकं भरलं होतं. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

इतका सर्रास आढळणारा हा आजार ओळखला मात्र जात नाही, कारण आपल्याकडे त्याला इतर नावं तयार असतात. सगळ्यांत आवडतं नाव पित्त. ‘पित्त झालं, डोकं उठलं, उलटी झाली की मोकळं वाटलं’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी महिन्या-दोन महिन्यांनी येतं, त्यांतल्या पुष्कळांना अर्धशिशी असते. मळमळ आणि उलटी हा त्या आजाराचाच भाग आहे, आणि उलटीनंतर ठणका उतरणं हीसुद्धा त्याची ओळखीची खूण आहे. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन डोकं थांबत नाही ते यामुळेच. दुसरं नाव सायनस. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालफडं जड होतात. ताप नाही, नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड नाही, आणि तरी दर पंधरा दिवसांनी ‘सायनस’ होतोय, तर पुन्हा विचार करावा. चष्म्याचा नंबर बदलल्याने वाचताना किंवा स्क्रीनपुढे कपाळ भरून येऊ शकतं, चाळिशीनंतर तर हमखास. पण सकाळी उठतानाच ठणकणारं डोकं चष्म्याने बरं होत नाही. रक्तदाबाचंही तसंच. १४०-१५० पर्यंत वाढलेला रक्तदाब सहसा डोकं दुखवत नाही, १८०/१२०च्या आसपास गेला तर दुखू शकतं. तो मोजून जरूर घ्यावा, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा गप्प असतो. डोकं दुखत नाही म्हणून तो ताब्यात आहे असं समजणं धोक्याचं.

आता आपल्या रोजच्या जगण्याकडे या. अर्धशिशी असलेल्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप, जेवण, पाणी, चहा यांच्या वेळा हलल्या की तो कुरकुरतो. आणि विरार-चर्चगेट हा साठ किलोमीटरचा रोजचा प्रवास नेमक्या याच वेळा मोडतो. पहाटे उठून डबा करायचा, चहावर घराबाहेर पडायचं, बसायला मिळावं म्हणून नालासोपाऱ्याहून उलटं विरारला जाऊन रिटर्न यायचं, आणि पहिला घास पोटात जातो तो ऑफिसात दहा-साडेदहाला. पाण्याची गोष्ट तर बोललीच जात नाही. लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्टेशनवरच्या शौचालयात जाववत नाही, म्हणून कित्येक बायका घरातून निघताना पाणी पीतच नाहीत. संध्याकाळीही परतीच्या गाडीच्या आधी दोन तास बाटलीला तोंड लावत नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिळून अर्धा लिटरही पाणी पोटात नसताना बंद डब्यात दीड तास उभं राहिल्यावर डोकं दुखणं स्वाभाविकच आहे. गाडीत कमी आणि ऑफिसात जास्त अशी पाण्याची वाटणी करा: पोहोचल्यावर लगेच दोन ग्लास, मग दुपारी चारपर्यंत दर तासाला थोडं थोडं. घरातून निघताना एक केळं, दोन खजूर, मूठभर शेंगदाणे, काहीही चालेल, पण पोट रिकामं ठेवून गाडी पकडू नका. या एका बदलाने ज्यांची दुपारची डोकेदुखी अर्ध्यावर आली अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

झोपेचं गणित थोडं फसवं आहे. पाच दिवस साडेपाच तास झोपून रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्याचं डोकं नेमकं रविवारीच दुखतं. जास्त झोपेने दुखतं, त्यात रोजचा सातचा चहा दहावर गेल्यानेही दुखतं. कॅफीनची सवय असलेल्या शरीराला ते वेळेवर मिळालं नाही तर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा तासभर उशिरा उठा, त्याहून नको. जो रात्री मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि सकाळी ज्याचं डोकं जड असतं, त्याने झोपेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. त्या डोकेदुखीवर गोळी हा इलाज नाही.

न्हाण्यामुळे डोकं दुखतं हे आपल्या आज्या सांगत आल्या, आणि त्यात तथ्य आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. लांब केस धुऊन, ओलेच घट्ट बांधून पळत गाडी पकडणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी केस सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी धुवावेत, पूर्ण वाळू द्यावेत, आणि घट्ट अंबाडा किंवा दात रुतणारा क्लिप लावू नये. वासाचंही असंच आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांत मोगरा-जाई खुडणाऱ्या, गजरे करणाऱ्या बायकांपैकी ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांना तो दरवळ बंद खोलीत सोसत नाही. हे काम ओटीवर, मोकळ्या हवेत करावं. वाडीत औषध फवारल्यानंतर डोकं दुखत असेल, सोबत घाम, लाळ, मळमळ किंवा अंधुक दिसणं असेल, तर ती विषबाधा असू शकते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

उपवासाच्या दिवशी डोकं दुखणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. नवरात्रात नऊ दिवस उपास, त्यात जीवदानीचा गड उन्हात चढायचा, वर जाईपर्यंत पाणी नाही. मग तीन कारणं एकत्र येतात आणि देवळाच्या पायरीवरच डोकं धरून बसावं लागतं. गड पहाटे चढा, पाणी प्या, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी बरोबर ठेवा. रमजानचे रोजे किंवा लेंटमधले उपास करणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून चहा थोडा थोडा कमी करत आणावा, म्हणजे पहिल्या दिवशी चहाअभावी डोकं उठणार नाही. उपासाने दर वेळी तीव्र झटका येत असेल तर निर्जळी उपास करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅलेंडरवरच्या फुल्या वारानुसारही वाचा. सुट्टीच्या दिवशी दुखत असेल तर झोप आणि चहा तपासा. उलट कामाच्या दिवशी दुपारनंतर चढत जातं आणि साप्ताहिक सुट्टीला गायब होतं, असं असेल तर कामाची जागा तपासा. वालीव, गोखिवरे भागातल्या गाळ्यांत रंग, थिनर, रबर सोल्युशन यांच्या वाफा, पत्र्याखालची उष्णता आणि यंत्रांचा आवाज एकाच खोलीत कोंडलेला असतो. शेजारी काम करणाऱ्यांनाही तसंच होतं का, हे विचारून बघा. होत असेल तर दुखणं एकट्याचं नाही आणि उपायही एकट्याने गोळी घेऊन होणार नाही. हवा बाहेर ओढणारा पंखा लावून घेण्याची मागणी सगळ्यांनी मिळून करावी.

घरातल्या एका कारणाबद्दल मात्र सावध करायलाच हवं. आपल्याकडच्या कित्येक इमारतींत बाथरूममध्येच गॅसचा गीझर बसवलेला आहे. बाथरूम चार बाय सहाचं, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थंडीत वारा येतो म्हणून प्लास्टिकने किंवा वर्तमानपत्राने बंद केलेल्या. गॅस जळायला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीनंतर डोकं दुखणं, भोवळ येणं, मळमळणं, घरातल्या एकाहून अधिक जणांना एकाच वेळी असं होणं आणि गॅलरीत गेल्यावर बरं वाटणं, ही त्याची लक्षणं आहेत. याने माणसं बाथरूममध्ये कोसळून दगावली आहेत. गीझर बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर बादलीत पाणी भरून गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. खिडकीला लावलेला कागद आजच काढा.

आता पुन्हा गोळीकडे वळतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. ज्याला मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे, त्याने वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या की मेंदू वेदनेच्या बाबतीत हळवा होत जातो. गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखतं, म्हणून पुन्हा गोळी, आणि महिन्यातले चार दिवस वाढत वाढत वीस होतात. नुसती पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, तर कॅफीन मिसळलेल्या गोळ्या, अर्धशिशीच्या खास गोळ्या, अर्गट किंवा कोडीनसारखी औषधं महिन्यातले १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली गेली तर हा प्रकार होऊ शकतो. इथे गोळ्यांची संख्या मोजायची नसते, गोळी घेतलेले दिवस मोजायचे असतात. काउंटरवर ‘डोक्याची’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या मिश्र असतात, कॅफीन असलेल्या असतात, त्यामुळे बहुतेकांनी दहाचाच आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. मी तर आठवड्यातून दोन दिवसांहून जास्त नको, असंच सांगेन. अख्खं पाकीट घ्या आणि मागचं नाव वाचा. कापलेला तुकडा घेऊ नका.

हे चक्र मोडायला गोळी थांबवावी लागते. थांबवल्यावर पहिले काही दिवस, साधारण दोन ते दहा, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तिथेच माणूस कच खातो. तो काळ निभावून नेला की पुढच्या आठवड्यांत बहुतेकांच्या फुल्या कमी होत जातात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. कोडीन, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करूच नका. घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, त्या आठवड्यात स्वयंपाकाचा आणि मुलांचा भार कुणीतरी उचलायला हवा. गोळीची सवय लागलेल्या बाईला ‘सारखी गोळ्या खाते’ म्हणून टोचण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

काही डोकेदुख्यांत कॅलेंडर वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जायचं असतं. मिनिटभरात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी. डोकेदुखीबरोबर ताप आणि मान आखडणं. तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दुहेरी दिसणं, झटका येणं, बरळणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी. लाल झालेला, दुखणारा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत कडी. यांतलं काही दिसलं तर १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हायवेवर गाड्या तुंबल्या तर त्यातला केवढा वेळ रस्त्यात जातो हे इथे राहणाऱ्याला माहीत आहे. म्हणून आपल्या घरापासून जवळचं, चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय कोणतं, याची चौकशी आजच, सगळे ठणठणीत असताना करून ठेवा.

काही खुणा इतक्या घाईच्या नसल्या तरी त्या आठवड्यात डॉक्टर गाठायलाच हवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही कानशील दाबल्यावर दुखत असेल किंवा चावताना जबडा दुखत असेल तर उशीर नको, कारण दृष्टी जाण्याचा धोका असतो. वयस्कर माणूस पडला, डोक्याला किरकोळ लागलं, आणि दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, तो पेंगायला लागला, तर आत हळूहळू रक्त साकळलेलं असू शकतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर शक्यता आणखी वाढते. कित्येक दिवस बारीक ताप, वजन घटणं आणि वाढत जाणारी डोकेदुखी यांत मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग लक्षात घ्यावा लागतो. खोकताना, वाकताना उसळणारी आणि पहाटे उलटीसह उठवणारी डोकेदुखीही तपासून घ्यावी.

पावसाळ्यात वेगळा हिशेब. जून ते ऑक्टोबरमध्ये तापासह डोकं दुखत असेल तर ती नेहमीची डोकेदुखी समजू नका. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो तिन्हींची सुरुवात अशीच होते. २०१८च्या जुलैमध्ये वसई-विरारमध्ये दिवसेंदिवस पाणी साचून राहिलं होतं, आणि त्यानंतरही गुडघाभर पाण्यातून चालत जायची वेळ इथल्या लोकांवर पुन्हा पुन्हा आली आहे. अशा पाण्यातून गेला असाल, पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यावी. तापात डोकं दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल; डेंग्यू असला तर अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर अॅस्पिरिन एरवीही डोकेदुखीसाठी देऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची पानं आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, पित्ताची, पाळीची, मित्राने दिलेलीसुद्धा. आधी आपले घरचे डॉक्टर किंवा महापालिकेचा दवाखाना पुरे. पुढे न्यूरॉलॉजिस्टची गरज पडली आणि खासगी फी परवडत नसेल तर पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रलला उतरून नायर रुग्णालय आहे, तिथे मेंदूविकार विभाग आहे. नेहमीच्या अर्धशिशीत, तपासणीत काही दोष नसेल तर एमआरआयची गरज बहुधा नसते. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट धरू नका. डोळ्यांपुढे रेषा दिसणारी अर्धशिशी असलेल्या बाईने गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ते आवर्जून सांगावं; इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने अशा बाईला पक्षाघाताचा धोका वाढतो. दमा असेल तर तेही सांगावं, कारण अर्धशिशी रोखण्यासाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल दम्यात चालत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर औषध निवडताना तेही पाहावं लागतं.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोकं कामातून उठवत असेल तर दुखल्यावरच्या गोळीबरोबर दुखू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाचा विचार करण्याची वेळ आलेली आहे, हा प्रश्न तुम्हीच काढा. ही औषधं वेदनाशामक नसतात. कुणाला रक्तदाबाची, कुणाला नैराश्याची, कुणाला फिटची म्हणून ओळखली जाणारी गोळी अगदी लहान मात्रेत दिली जाते, ती पाहून घाबरू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पंधरा दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडून देणारे फार. महिन्याच्या फुल्या निम्म्यावर आल्या तर औषध लागू पडलं असं डॉक्टर मानतात. त्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर ते चालू ठेवून मग हळूहळू कमी केलं जातं, आणि कमी कधी करायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं.